पोहण्याच्या पाण्यातले नकोसे सोबती

चैत्र सरत आला की परंडा परिसरातल्या विहिरींवर दुपारच्या वेळी माणसांचा आवाज येऊ लागतो. ज्वारीची रास घरात पडलेली असते, परीक्षा आटोपलेल्या असतात आणि सुटीला आजोळी आलेली नातवंडे पाठीला डबा बांधून काठावर घुटमळत उभी असतात. मराठवाड्यातल्या कित्येक पिढ्या अशाच पोहायला शिकल्या. पोहण्यासारखा दुसरा सर्वांगसुंदर व्यायाम नाही, हे मी या सदरातून यापूर्वीही सांगितले आहे. अलीकडे विहिरींच्या जोडीला शेततळी आली. शेतात घर बांधताना काही हौशी कुटुंबे परसदारी पोहण्यासाठी म्हणून लहानसे तळेही करून घेऊ लागली आहेत.

पाणी आले म्हणजे त्यामागोमाग इतर जीवही येतात. मग दवाखान्यात औषधाच्या चिठ्ठीबरोबर काही निराळे प्रश्न विचारले जातात. ‘पाणी हिरवेगार झाले आहे, काय टाकू?’, ‘बेडकांची पिल्ले फार झाली आहेत, काही औषध आहे का?’, ‘विरोळा दिसला, आता मुलांना उतरू द्यावे का?’ या सर्व प्रश्नांत ‘काय टाकू’ हा धागा समान असतो. आजच्या लेखाचे सार आरंभीच सांगतो. पोहण्याच्या पाण्यात टाकण्याजोगे फार थोडे असते, त्यातून काढण्याजोगे बरेच असते. आणि या दोन्हींच्या आधी कोणता सोबती निरुपद्रवी व कोणता जिवावर उठणारा, हे ओळखणे आवश्यक असते. आपली भीती आणि खरा धोका यांचा क्रम येथे बहुधा उलटा लागलेला आढळतो. साप, बेडूक, पाणवनस्पती यांना आपण भितो. ज्यांच्यामुळे माणसे खरोखर दगावतात वा आजारी पडतात, त्यांच्याकडे आपले लक्षही जात नाही.

सर्वांत घातक वनस्पती

तळ्यातली सर्वांत घातक वनस्पती कोणती, असे विचारले तर बहुतेक जण जलपर्णीचे नाव घेतील. माझे उत्तर वेगळे आहे. प्लास्टिकच्या अस्तरावर साचणारा, बोटाच्या नखाएवढीही जाडी नसलेला शेवाळाचा बुळबुळीत थर हा सर्वांत घातक होय.

राज्य शासनाने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली आणि अवर्षणप्रवण भागात शेततळ्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांतले एक प्रचलित माप ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे आहे. पाणी जमिनीत मुरू नये म्हणून आत सहसा ५०० मायक्रॉन जाडीचे प्लास्टिकचे अस्तर घालतात. ३ मीटर म्हणजे जवळजवळ १० फूट. उंच माणसाच्या डोक्यावरही आणखी ४ फूट पाणी उरते. कोरड्या अवस्थेत तळ्याचा उतार सहज चढता येईल असा वाटतो. पाण्याखालच्या भागावर मात्र थोड्याच दिवसांत शेवाळ आणि सूक्ष्म जिवाणूंचा थर धरतो व त्या उतारावर पाय ठरत नाही. बोटांना पकडण्यासारखे काही नसते. उत्तम पोहणारा माणूसही काठापाशी येऊन पुन्हा पुन्हा घसरतो, थकतो आणि काठापासून हातभर अंतरावर बुडतो. शेततळ्यातल्या दुर्घटनांच्या बातम्यांत एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन माणसे एकदम गेल्याचे आपण वाचतो, त्याचे कारण हेच आहे. पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही त्याच थरावरून आत जातो.

म्हणून माझा पहिला सल्ला निःसंदिग्ध आहे. अस्तर घातलेले शेततळे पोहण्यासाठी नाही. ते सिंचनाचे पाणी साठवण्याचे भांडे आहे. त्याला कुंपण आणि कुलूप लावता येईल असे फाटक असावे. तरीही कोणी चुकून पडेल, हे गृहीत धरून चारही बाजूंनी जाड दोर काठावरच्या पक्क्या खुंटांना बांधून तळापर्यंत सोडावेत. दोरांना वीतभर अंतरावर गाठी माराव्यात, म्हणजे ओल्या हातांना पकड मिळते. ट्रॅक्टरच्या टायरची हवा भरलेली ट्यूब पाण्यावर तरंगत ठेवावी आणि एक लांब बांबू काठावरच असावा. या सर्व साहित्याचा खर्च अस्तराच्या खर्चाच्या मानाने नगण्य आहे.

पोहण्यासाठी बांधलेल्या तळ्याला किंवा विहिरीला खरबरीत पायऱ्या आणि धरायला कठडा वा साखळी हवी. पाण्यालगतच्या पायऱ्या आठवड्यातून एकदा काथ्याच्या किंवा ताठ नायलॉनच्या ब्रशने घासाव्यात. शेवाळ घासूनच जाते. त्यावर आम्ल ओतल्यास सिमेंट झिजते, शेवाळ पुन्हा येते आणि पाणी मात्र बिघडते.

कोणी बुडत असेल तर पाण्यात उडी न घेता दोर, साडी, बांबू, रिकामा झाकणबंद डबा, जे हाती येईल ते त्याच्याकडे टाकावे. बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, गोल फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे, यांत मोलाची मिनिटे वाया जातात आणि पोटातले पाणी फुप्फुसात शिरण्याचा धोका वाढतो. श्वास चालू नसेल तर त्याला पाठीवर निजवावे, हनुवटी वर करून नाक चिमटीत धरावे आणि तोंडाने पाच वेळा श्वास द्यावा. त्यानंतर छातीच्या मध्यभागी ३० वेळा जोराने व वेगाने दाब आणि २ श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. त्याच वेळी दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आलेल्या माणसालाही रुग्णालयात नेलेच पाहिजे, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

पाणी हिरवे का होते?

पाणी हिरवे होणे हे लक्षण आहे, मूळ रोग नव्हे. शेवाळाला ऊन आणि अन्न लागते. ऊन आपल्याकडे मुबलक आहे. अन्न आपण पुरवतो. उसाच्या वा कांद्याच्या वाफ्यातून वाहून आलेला युरिया आणि फॉस्फेटयुक्त खत, काठावर बांधलेल्या जनावरांचे शेण-मूत्र, कपडे धुतल्याचे साबणाचे पाणी, काठावरच्या झाडांचा पाण्यात कुजणारा पाला. या सर्वांतून नत्र व स्फुरद पाण्यात उतरतात. शेतात पीक वाढवणारी हीच द्रव्ये तळ्यात शेवाळाचे पीक काढतात.

यातला एक प्रकार विशेष जपण्याचा आहे. त्याला नील-हरित शैवाल म्हणतात. वस्तुतः तो जिवाणूंचा एक गट आहे. स्थिर, कोमट, खतावलेल्या पाण्यावर हिरवा तैलरंग सांडल्यासारखी साय दिसते आणि वाऱ्याने ती एका काठाला गोळा होते. त्यातल्या काही जाती विष निर्माण करतात. अशा पाण्यात पोहल्यास अंगावर पुरळ, डोळ्यांची आग आणि पाणी गिळले गेल्यास उलट्या-जुलाब होतात. विषाची मात्रा मोठी असल्यास यकृताला इजा होते. असे पाणी प्यायलेली जनावरे दगावल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. घरगुती कसोटी सोपी आहे. पायरीवर गुडघाभर पाण्यात उभे राहावे. स्वतःची पावले दिसत नसतील किंवा पाण्यावर साय असेल तर त्या दिवशी मुलांनी उतरू नये आणि गुरांनाही ते पाणी पाजू नये.

या प्रसंगी अनेक जण मोरचूद टाकतात. मोरचुदाने शेवाळ मरते हे खरे. पण मरताना नील-हरित शैवालाच्या पेशी फुटतात व आतले विष एकाच वेळी पाण्यात मिसळते. मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, मासे मरतात, आणि त्यांच्या कुजण्यातून पुढच्या शेवाळाला पुन्हा अन्न मिळते. तांबे तळाच्या गाळात साचत राहते ते निराळेच. खरा इलाज सावकाश चालणारा आहे. तळ्याभोवती वीतभर उंचीचा मातीचा बांध घालून शेतातले पाणी बाहेर वळवावे, गोठा दूर न्यावा, धुणे बंद करावे, तंतूमय शेवाळ दाताळ्याने ओढून काढावे आणि पाणी आटल्यावर तळाचा गाळ उपसून शेतात पसरावा. तो गाळ उत्तम खतच असतो.

वनस्पती: कोणती ठेवावी, कोणती उपटावी

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. फुले देखणी म्हणून ती देशोदेशी नेली गेली आणि आज भीमेपासून पंचगंगेपर्यंत आपल्या नद्यांची डोकेदुखी होऊन बसली आहे. अनुकूल पाण्यात पंधरवड्याच्या आत तिचे क्षेत्र दुप्पट होऊ शकते आणि तिचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. म्हणून पहिले रोप दिसताच, फूल येण्यापूर्वी, मुळांसह काढावे आणि काठापासून दूर उन्हात पूर्ण वाळवून मगच खताच्या खड्ड्यात टाकावे. ओढ्यात फेकून दिल्यास ती खालच्या गावाची समस्या होते. जनावरांसाठी हौसेने लावलेला अझोलाही तळ्यात उतरला तर पाण्यावर जाड गालिचा पसरतो. तो हौदातच असू द्यावा. काठावर वाढणारे बेशरम वेळीच खणून काढावे. तणनाशक फवारणे मात्र कटाक्षाने टाळावे. पोहणाऱ्या मुलांच्या तोंडात जाणारे हे पाणी आहे.

तथापि सर्वच पाणवनस्पती शत्रू नव्हेत. १९८०च्या दशकात ऑस्ट्रियात नैसर्गिक पोहण्याच्या तळ्यांची कल्पना रुजली आणि नंतर ती युरोपभर पसरली. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. तळ्याचे दोन भाग करतात. एक पोहण्यासाठी मोकळा व खोल. दुसरा उथळ, खडीने भरलेला आणि वनस्पतींसाठी राखलेला. छोटा पंप पाणी खडीतून व मुळांतून फिरवतो. मुळांवर वाढणारे उपयुक्त जिवाणू घाण पचवतात, वनस्पती नत्र-स्फुरद शोषून घेतात, शेवाळ उपाशी राहते आणि क्लोरीनची गरज पडत नाही. आपल्याकडे खडीच्या स्वतंत्र टाकीत कर्दळ किंवा पाणकणीस लावून हे साधता येते. त्यांची वाढ दोन-तीन महिन्यांनी कापून बाहेर काढली पाहिजे, अन्यथा शोषलेले अन्न कुजून पुन्हा पाण्यातच उतरते.

डासांचा बंदोबस्त

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादच्या छावणीत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. तेव्हा आपला परंडाही त्याच हैदराबाद संस्थानात होता. त्या शोधाने हिवतापाचा संबंध दूषित हवेशी नसून डासाशी आहे, हे सिद्ध झाले. अंड्यापासून पंख फुटलेल्या डासापर्यंतचा प्रवास उन्हाळ्यात ७ ते १० दिवसांत पूर्ण होतो.

मोकळ्या, वाऱ्याने हलणाऱ्या, मुलांनी ढवळलेल्या पाण्याच्या मध्यभागी डासांच्या अळ्या फारशा टिकत नाहीत. त्यांचे पाळणाघर असते काठावरच्या गवतात, तरंगत्या पाल्याखाली आणि गुरांच्या खुरांनी पडलेल्या खळग्यांत. हत्तीरोग पसरवणाऱ्या काही जातींच्या अळ्या तर जलपर्णीच्या मुळांना नळी खुपसून तेथूनच श्वास घेतात. म्हणजे काठ स्वच्छ ठेवणे हीच डासांविरुद्धची पहिली फवारणी होय. दुसरा उपाय गप्पी माशांचा. हे मासे अळ्या आवडीने खातात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत बहुधा विनामूल्य मिळतात. काठावर दाट तण असेल तर त्यांना अळ्यांपर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून आधी तण काढावे. हे मासे परदेशी आहेत. ते बंदिस्त पाण्यातच सोडावेत, ओढ्या-नद्यांत नव्हे. मांगूर मात्र तळ्यात कदापि सोडू नये. थाई मांगूर या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी जातीवर भारतात २००० सालापासून बंदी आहे. ती बेडूक, लहान मासे असे मिळेल ते गिळते आणि पुरासोबत नदीत उतरते. सीनेला २०२५च्या सप्टेंबरात आलेल्या महापुराने आपल्याला दाखवून दिलेच आहे की विहीर, तळे आणि नदी यांच्या सीमा पाण्याला मान्य नसतात.

बेडूक व त्यांची पिल्ले यांविषयी तक्रार असेल तर ती मागे घ्यावी. मोठा बेडूक कीटकांवर जगतो. बेडूकमाशांना औषध नको. काही आठवड्यांत पाय फुटून ते आपणहून पाण्याबाहेर जातात.

विरोळा आणि इतर साप

पाण्यात दिसणारा साप आपल्या भागात बहुधा दिवड, म्हणजेच विरोळा असतो. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकडे, मासे आणि बेडूक हे खाद्य. डिवचल्यास तो चावतो, जखम रक्ताळते आणि दुखते. पण तो बिनविषारी आहे. जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताची लस घेणे पुरेसे असते. साप नक्की ओळखता आला नसेल, तर मात्र तो विषारी आहे असे समजूनच रुग्णालय गाठावे. दंशाच्या वर करकचून बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने रक्त ओढणे हे प्रकार करू नयेत. चावलेला हात-पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णाला चालवू नये. आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालते. त्यामुळे साप मारून सोबत आणण्याची आवश्यकता नसते.

नाग आणि घोणस तळ्याकाठी येतात ते पाण्यासाठी नव्हे, उंदीर-बेडकांसाठी. काठावरचे दगडांचे ढीग, सरपण, पाचट व उंच गवत दूर केले, बिळे बुजवली, सांडलेले धान्य झाडून घेतले, तर सापांचे तेथे काम उरत नाही. पोहण्याचे तळे प्लास्टिकच्या अस्तराचे असो वा उभ्या भिंतींचे, त्यात पडलेल्या प्राण्याला बाहेर येण्यासाठी एका कोपऱ्यात खरबरीत फळी किंवा काथ्याची जाळी सोडून ठेवावी. न निघू शकलेला साप, उंदीर वा मांजर दोन दिवसांत कुजते आणि मग प्रश्न सापाचा न राहता पाण्याचा होतो. सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तळ्यात साप अडकला असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा माहितीच्या सर्पमित्राला बोलवावे.

न दिसणारे सोबती

उंदीर आणि गुरे यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू पाण्यात येतात व पायावरच्या चिरांतून, भेगांतून शरीरात शिरतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. पोहल्यानंतर काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे वा कावीळ अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना पोहल्याचे आवर्जून सांगावे. वेळीच प्रतिजैविके मिळाल्यास हा रोग बरा होतो. पायाला जखम असताना पोहू नये.

केरळात २०२४ आणि २०२५ साली आढळलेल्या रुग्णांमुळे ‘मेंदू खाणारा अमीबा’ हे नाव घरोघरी पोहोचले. तो कोमट गोड्या पाण्यात आणि तळाच्या गाळात राहतो. पाणी गिळल्याने त्याची बाधा होत नाही. नाकात जोराने पाणी शिरल्यासच होते. हा आजार अत्यंत विरळ आहे, पण झाल्यास बहुधा प्राणघातक ठरतो. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खाली जाऊन गढूळ व कोमट झाले की उड्या बंद कराव्यात, एरवीही उडी मारताना नाक धरावे आणि तळाचा गाळ ढवळू नये. पोहल्यानंतर सुमारे १२ दिवसांच्या आत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या व मान ताठरणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

दवाखान्यात यापेक्षा कितीतरी अधिक वेळा दिसते ती कानातली बुरशी. पोहून आल्यावर डोके कलते करून कान कोरडा होऊ द्यावा. काडी घालू नये, तेल ओतू नये. कानाचा पडदा फाटलेल्या मुलाने विहिरीत उतरूच नये.

ब्लीचिंग पावडर, आणि ती दुसरी बाटली

विहिरीचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी १००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर लागते. विहिरीचा व्यास ६ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर व्यासाचा वर्ग ३६, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणून ४ ने भागावे. ११३ घनमीटर, म्हणजे १ लाख १३ हजार लिटर पाणी झाले. त्यासाठी साधारण २८० ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन वरचे निवळ तेवढे संध्याकाळी विहिरीत सोडावे, बादली वरखाली करून पाणी ढवळावे आणि पोहणे दुसऱ्या दिवशी करावे. मात्र क्लोरीन माशांना मानवत नाही. ज्या विहिरीत गप्पी मासे सोडले आहेत, तेथे पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण घरच्या टाकीत करावे. आणि मोठ्या शेततळ्यात हा उपाय व्यर्थ आहे. २२ लाख लिटरच्या तळ्याला एका वेळी साडेपाच किलो पावडर लागेल आणि तिचा बराचसा प्रभाव उन्हात व शेवाळात काही तासांतच संपून जाईल.

याहून भयंकर अशी एक प्रथा आहे. पाण्यातले किडे, खेकडे वा साप मारण्यासाठी पिकावर फवारायच्या औषधाची बाटली विहिरीत रिकामी केली जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या काळात झालेली विषबाधा आपण विसरता कामा नये. अनेक शेतकरी आणि शेतमजूर त्यात दगावले. हे विष पोटातून जसे जाते तसेच श्वासावाटे आणि ओल्या त्वचेतूनही जाते. आणि पोहणाऱ्या मुलाची तर सर्वच त्वचा ओली असते. तोंडाला फेस वा लाळ, बाहुल्या बारीक होणे, घाम, स्नायू उडणे, धाप लागणे ही या विषाची लक्षणे आहेत. अशा वेळी कपडे काढून अंग साबणाने भरपूर धुवावे, औषधाची बाटली लेबलसह सोबत घ्यावी आणि तातडीने रुग्णालय गाठावे.

नारूने शिकवलेला धडा

माझ्या पिढीने नारू हा रोग पाहिला आहे. मराठवाड्यातल्या पायऱ्यांच्या विहिरी हे त्याचे घर होते. रोगी पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, पायाच्या फोडातून कृमीच्या अळ्या पाण्यात पडत, सायक्लॉप्स नावाचा जेमतेम दिसणारा पाणकिडा त्या गिळी, ते पाणी दुसरा कोणी पिई आणि वर्षभराने त्याच्या पायातून हातभर लांबीचा धाग्यासारखा कृमी बाहेर पडे. त्यावर लस नव्हती, औषधही नव्हते. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पाणी दुहेरी कापडाने गाळणे, रोग्याला पाण्यात उतरू न देणे, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी आडांची व हातपंपांची सोय करणे आणि आवश्यक तेथेच, मोजून टेमिफॉस हे औषध टाकणे, एवढ्या साधनांवर तो चालला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. त्यासाठी देशातली एकही विहीर निर्जीव करावी लागली नाही. कोणता जीव, कोणत्या मार्गाने, कोणापर्यंत पोहोचतो हे ओळखून साखळीतली एक कडी तोडली गेली.

वाचकहो, आपल्या परसातल्या पाण्यालाही हीच रीत लागू आहे. येत्या रविवारी घरातल्या सर्वांनी मिळून तळ्याभोवती एक फेरी मारावी. शेताचे पाणी कोठून आत येते ते पाहावे, काठाचे गवत कापावे, खळगे बुजवावेत, पायऱ्या घासाव्यात, फवारणीची औषधे विहिरीपासून दूर कुलपात ठेवावीत. मोठे माणूस काठावर असल्याखेरीज मुलांनी पाण्यात उतरायचे नाही, हा नियम त्याच वेळी सर्वांसमक्ष ठरवावा. मात्र यांतले काहीही करण्याआधी गाठी मारलेला दोर खुंटाला बांधून पाण्यात सोडावा. पाण्याच्या रंगाचा विचार त्यानंतर सावकाश करता येईल.